सुक्या कचऱ्यातल्या महालक्ष्म्या

गव्हाच्या कोठीत साधनानं खांद्यापर्यंत हात घातला, इकडचा गहू तिकडे उपसला, आणि तिच्या हाताला गव्हाशिवाय काहीच लागलं नाही.

तिनं हात बाहेर काढला, पदर खोचला आणि दुसरा हात घातला. डाव्या हाताला जे सापडत नाही ते उजव्याला सापडेल, असं माणसाला अशा वेळी वाटतंच. मग तिनं कोठीच आडवी केली. गहू साऱ्या स्वयंपाकघरात पसरला, फ्रीजखाली गेला, पायाखाली कुरकुरला. पण महालक्ष्म्या नव्हत्या. ना थोरली ज्येष्ठा, ना धाकटी कनिष्ठा.

उद्या त्या यायच्या होत्या आणि परवा जेवायच्या होत्या. समोरच्या खोलीत चौरंगावर दोघींचे कोथळे, म्हणजे पत्र्याची धडं, काल संध्याकाळीच साड्या नेसून उभे राहिले होते. गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात बांगड्या होत्या. फक्त मुखवटे तेवढे बसवायचे राहिले होते, आणि आता मुखवटेच घरात नव्हते. 

ही जोडी तिच्या सासऱ्यांच्या, सूर्यभानजींच्या, आजोबांच्याही आधीची. मातीचे मुखवटे, हातानं रंगवलेले. थोरलीच्या नाकाचा टवका उडालेला. धाकटीच्या हनुवटीवर कुणा पूर्वजाच्या कुंचल्यातून पडलेला काळा थेंब, त्याला घरात तीळ म्हणत. अंजनगाव सुर्जीकडची शेती बटईनं देऊन हे कुटुंब अमरावतीला राहायला आलं, तेव्हा बाकीचं सामान ट्रॅक्टरनं आलं आणि ही जोडी सासूच्या, कौशल्याबाईंच्या, मांडीवर बसून एसटीनं आली. लक्ष्मीनं धान्यात राहावं म्हणून वर्षभर त्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून गव्हात ठेवायच्या, अशी या घरची रीत होती.

आणि रविवारी साधनानंच तो गहू बाहेर काढला होता.

गव्हात सोंडे किडे झाले होते, म्हणून तिनं कोठी रिकामी केली, गहू गच्चीवर ऊन द्यायला पसरला आणि फडक्यातली जोडी दिवाणावर ठेवली. संध्याकाळी गहू परत कोठीत भरला, तेव्हा जोडीही आत गेली असं ती धरून चालली होती. त्याच दिवाणावर माळ्यावरून काढलेल्या चिंध्यांचं गाठोडं होतं. ते तिनं सोमवारी सकाळी घंटागाडीत, सुक्या कचऱ्यात दिलं. एक गाठोडं लुगड्याचं आणि दुसरंही लुगड्याचंच. साधना पसरलेल्या गव्हात मटकन खाली बसली.

"सापडल्या नाईत?" मागून कौशल्याबाईंचा आवाज आला.

त्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागं सूर्यभानजी आले, आणि त्यांच्या मागं किशोर, साधनाचा नवरा. तो बडनेऱ्याला रेल्वेत होता आणि सणासाठी रजा टाकून घरी होता.

"आई, म्या दिवाणावर ठेवल्या होत्या..." साधना म्हणाली.

कौशल्याबाईंनी पसरलेल्या गव्हाकडे पाहिलं, सुनेकडे मात्र पाहिलं नाही. "तूच त चिंध्याचं गाठोडं देलं गाडीत," त्या म्हणाल्या. "त्यातच गेल्या असतीन."

झालं! घरात कुणाला पुरावा मागायची गरजच पडली नाही, कारण साधना आणि कचरा ही जोडी साऱ्या गल्लीला ठाऊक होती. महापालिकेनं हिरवा आणि निळा डबा वाटला, तेव्हा लोकांनी एकात ज्वारी भरली आणि दुसरा न्हाणीघरात ठेवला. साधनानं मात्र ते मनावर घेतलं. दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालणारी अख्ख्या वस्तीत ती एकटीच. शेजारचे खुशालराव नगरपरिषदेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. त्यांना तिनं एकदा भर गल्लीत ओल्या डब्यातून दाढीचं ब्लेड हातानं काढायला लावलं होतं. गल्लीची स्वच्छतादूत म्हणून तिला मिळालेलं प्रशस्तिपत्र समोरच्या खोलीत, सूर्यभानजींच्या आईवडलांच्या फोटोशेजारी, टांगलेलं होतं. पोरं तिला पाठीमागं डब्बेवाली काकू म्हणत. अशा बाईनं घरची लक्ष्मी सुक्या कचऱ्यात दिली म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिचं तिलाच नाही म्हणता येईना.

सूर्यभानजी दाराच्या चौकटीला टेकले. मोठा माणूस, आवाजही मोठा. "साऱ्या मोहल्ल्याले आवतन देऊन बसलो म्या," ते म्हणाले. "आपल्या घरून लक्ष्मी गेली? कचऱ्यात?"

"बाबा, चूक झाली," साधना म्हणाली.

"चूक म्हनतेत याले?" किशोर ओरडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिच्यावर असा आवाज चढवला नव्हता. "आंधळी हायेस का तू? फडकं सोडून पाहाले काय झालं होतं?"

तेवढ्यात अकोल्याहून थोरल्या जावेचा, शकुनचा, फोन आला. निघालो म्हणून सांगायला केलेला तो फोन किशोरनं हातात घेतला आणि सारं सांगून टाकलं. मग फोन लांब धरला तरी शकुनचा आवाज साऱ्यांना ऐकू येत होता. "मले माहीतच होतं! तिले घरात सामानच खुपते! आज देव देले, उद्या सासू-सासऱ्याले देइन गाडीत!" शकुनला अकोल्याच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्या बसवायला आजवर कधी जागा झाली नव्हती. हरवल्यावर मात्र तिच्या मनात त्यांच्यासाठी जागाच जागा झाली.

साधना उठली. तिनं स्कूटीची किल्ली घेतली, खांद्याला कापडी पिशवी लावली. "मी डेपोत जातो," ती म्हणाली. "सुका कचरा तिथं निवडतात. आज बुधवार आहे. अजून असतील."

"जाऊ नोको."

हे कौशल्याबाई म्हणाल्या, आणि इतक्या ठामपणे म्हणाल्या की साऱ्यांनी वळून पाहिलं.

"काहून, आई?"

"कचऱ्यात गेलेला देव घरात आनाचा नसते. गेल्या त गेल्या. त्यायच्या मनात नसन राहाचं."

 एवढ्या वर्षांत सासूनं तिला शिवी दिली नव्हती, हात उगारला नव्हता; आणि आज नुसत्या दोन-चार वाक्यांत तिला घरची अवदसा करून टाकलं. तिला तसंच वाटलं. त्या वाक्यांत दुसरं काही असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ती काही न बोलता बाहेर पडली. तोवर गल्लीला बातमी लागली होती. खुशालराव फाटकात उभे होते. ते काही म्हणाले नाहीत, पण त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात दाढीच्या ब्लेडचं सारं उट्टं निघालं.

डेपो शहराबाहेर, काळ्या रानात. साधनानं तो कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं डबे भरून दिले, पण गाडी वळणाआड गेली की तिच्या मनात कचरा संपून जायचा. वास आधी आला, मग घारी दिसल्या, मग तो डोंगर. तिच्या गल्लीचा, राजापेठेचा, साऱ्या शहराचा. तिनं स्कूटी थांबवली आणि क्षणभर नुसती पाहत राहिली. आपण एवढं टाकतो? 

फाटकावर डोमाजी नावाचा म्हातारा चौकीदार होता. तिनं काय हरवलं ते सांगितल्यावर तो हसला नाही, नवलही केलं नाही. "देव होय? पार्बताबाईले इचारा," म्हणाला आणि निवडणीच्या शेडकडे बोट दाखवलं.

शेडमध्ये बाया ओळीनं उभ्या राहून सुका कचरा निवडत होत्या. बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, चपला एकीकडे. दुधाच्या पिशव्यांचा ढीग माणसाच्या उंचीचा होता. धुतलेली कोणती आणि न धुतलेली कोणती हे त्यात ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पार्बताबाई त्यांची मुकादम. सकाळी गाडीवर असायची आणि दुपारी शेडमध्ये. उंच, सावळी, पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट घातलेली बाई. साधनानं तिला सकाळी गाडीच्या मागं उभी असलेली शंभरदा पाहिली होती, पण नाव आज कळलं.

"चिंध्याचं गाठोडं होतं," साधना घाईनं सांगू लागली. "सोमवारी दिलं. त्यात चुकून आमच्या महालक्ष्म्या..."

"चिंध्या त त्याच दिवशी गेल्या गठ्ठ्यात," पार्बताबाई म्हणाली. "म्या सोता सोडलं थे गाठोडं. त्यात देव नोते."

साधनाचा चेहरा पडला. पार्बताबाईला तिची कीव आली असावी. "देव आला त आमी पायदळी येऊ देत नाही," ती म्हणाली. "मांगं ठेवतो. चाला, पाहून घ्या. दुसऱ्या गाडीनं आल्या असतीन त."

शेडच्या मागं एक कडुनिंब होता आणि कडुनिंबाखाली पत्र्याचं उतरतं छप्पर. जमीन शेणानं सारवलेली होती. काच फुटलेल्या तसबिरी, सोंड तुटलेले गणपती, लग्नातले पाट, रंग उडालेले बाळकृष्ण सारे नीट मांडलेले. साधना वाकून आत गेली आणि जागच्या जागी थिजली.

छपराच्या आतल्या अंगाला, शेडच्या भिंतीला लागून, महालक्ष्म्या होत्या. जोड्याच्या जोड्या. पितळेच्या, प्लास्टरच्या, शाडूच्या, कापडाच्या. कुणाच्या नाकात अजून नथ होती, कुणाच्या कपाळावर मागच्या वर्षीचं कुंकू. साऱ्यांचे डोळे उघडे आणि सारे तिच्याकडे. नुसत्या मुंडक्यांची एवढी मोठी सभा तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. 

"या... या साऱ्या कचऱ्यात आल्या?"

"हाव."

"हरवलेल्या?"

"हरवलेल्या काहून असतीन?" पार्बताबाई म्हणाली. "लक्ष्मी हरवली त लोकं पोलिसात जातेत. या देलेल्या होत. सन जवळ आला का येतेत. गाडी उभी राह्यली का एखादी बुढी बाई येते, इकडं पायते, तिकडं पायते, आन हातात देते. नदीवर गेलं त कोनीतरी पायते न? आमच्याकडं कोन पायते?"

साधनाला हे खरं वाटेना. तिच्या माहेरी, सासरी, शेजारीपाजारी एकच गोष्ट ऐकलेली: महालक्ष्म्या एकदा बसवल्या की उठवता येत नाहीत. घरात कुणी गेलं तरी दुसऱ्याकडून करवून घ्यायच्या, पण मोडायच्या नाहीत. मोडलं तर घराचं मोडतं. मग या कोण बाया? कोणत्या घरच्या? आणि लोक काय टाकतात हे आपल्याला ठाऊक आहे, असं समजून ती साऱ्या गल्लीला कचरा वेगळा करायला शिकवत फिरत होती!

मग तिला तीळ दिसला.

डावीकडे, खांबाच्या बाजूला, धाकटी. शेजारी टवका उडालेल्या नाकाची थोरली. साधनानं झेप घेतली. गुडघे शेणात टेकले त्याचीही शुद्ध राहिली नाही. "याच! याच आमच्या!" ती रडत होती आणि हसतही होती. मोठं संकट टळलं, नाव वाचलं, घर वाचलं. तिनं थोरलीला उचलायला हात लावला आणि तिचा हात तसाच राहिला.

मुखवट्यांना फडकं नव्हतं. जुनं लुगडं नव्हतं, चिंधी नव्हती. दोघी पुसून स्वच्छ केलेल्या. कपाळावर ताजं हळदकुंकू. दोघींच्या खाली चौघडी घालून ठेवलेला पोपटी खण, आणि खणावर तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. रीतसर ओटी भरलेली.

कचऱ्यात चुकून गेलेल्या देवाची ओटी कोण भरतं?

आणि तो पोपटी खण. तो साधनानंच संक्रांतीला दुकानातले सारे गठ्ठे उलटेपालटे करून सासूसाठी निवडला होता. "लई सुंदर हाय, जपून वापरीन," असं म्हणून सासूनं तो पेटीत ठेवला होता.

"या त मंगळवारच्या," मागून पार्बताबाई सांगत होती. "एका बुढीनं देल्या. ठेंगणी, गोरी, चष्मा हाय. दोन्ही हातानं देल्या, आन गाडी निघून गेली तरी हात जोडून उभी होती. म्हने, यायले उनात ठेवजो नोको, सावलीत ठेवजो. आन कोनाले सांगजो नोको..." ती एकदम थांबली आणि तिनं जीभ चावली. "तुमच्या घरच्या होत काय, बाई? म्या बोलून गेली."

 मंगळवारी सकाळी साधना बाजारात गेली होती. सोळा भाज्यांची यादी सासूनंच हातात दिली होती. आणि रविवारी, दिवाणावरचं फडकं उचलायला ती वाकली तेव्हा सासूनं म्हटलं होतं, "ऱ्हाऊ दे तिथं, म्या ठेवीन." आता शब्दन्‌शब्द आठवला. सकाळपासून तो कुठं गेला होता?

म्हणजे सासूनं दिल्या. आणि आज सकाळी, साऱ्यांसमोर, त्याच सासूनं म्हटलं, तूच त गाठोडं देलं गाडीत.

 तिला राग आला, आणि असा आला की कानशिलं तापली. किशोरचं ते ओरडणं, शकुनचं ते फोनवरचं बोलणं, सारं सासूनं दारात उभं राहून ऐकलं. एक शब्द बोलली नाही! साधनानं थोरलीला उचललं, धाकटीला उचललं, खणासकट पिशवीत घातलं. आता ही पिशवी नेऊन साऱ्यांच्या पुढ्यात आपटायची. हा खण कोणाचा ते विचारायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि तिनं तिथूनच सासूला फोन लावला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.   साधनाला एवढं सारं बोलायचं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना. मागं घरातला गलका ऐकू येत होता. शकुन पोचलेली दिसत होती.

"सापडल्या?" कौशल्याबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

साधनानं पिशवीतल्या पोपटी खणाकडे पाहिलं.

"तिथं सावली हाय न व?"

साधनाचा राग होता तिथंच अडकला. चोरी पकडली गेल्यावर माणूस गयावया करतो, नाही तर उलटा चढतो. ही बाई सावली आहे का विचारत होती.

"आहे," साधना म्हणाली. "कडुनिंब आहे." आणि तिनं फोन ठेवला.

ती तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसली. तिला मागच्या वर्षीचा जेवणाचा दिवस आठवला. पहाटेपासून पुरण, सोळा भाज्या, आंबील, पातोड्या, कढी. आधी महालक्ष्म्या जेवल्या, मग सवाष्णी, मग पुरुषांच्या पंगती. सूर्यभानजी पंगतीत उभे राहून आग्रह करत होते. त्या आग्रहाची साऱ्या मोहल्ल्यात कीर्ती होती. "होऊ द्या! पोळी आना! अजून पोळी!" आत पोळ्या लाटणाऱ्या कौशल्याबाईंचं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर साधना मागच्या अंगणात खरकटं टाकायला गेली, तेव्हा सासू तिथं अंधारात उभी होती, पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात उभ्या उभ्या खात. साधनाला पाहून ती दचकली होती. चोरून खाताना पकडल्यासारखी. "आई, बसून जेवा न," साधना म्हणाली होती. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला होता, पानाचा डबा कुठं आहे म्हणून, आणि दोघी आत धावल्या होत्या.

नंतर साधना ते विसरून गेली होती. उरलेल्या अन्नाचं खत कसं करायचं हे तिनं त्या रात्री गल्लीतल्या बायांना समजावून सांगितलं होतं, पण ते अन्न रांधणारी बाई कधी जेवली हे तिच्या ध्यानातून पार गेलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"न्याच्या हायेत का?" पार्बताबाईनं विचारलं. "तुमच्याच होत त घेऊन जा. आमची काई ना नाई."

साधना पिशवीकडे पाहत राहिली. नेल्या तर तिचं नाव धुऊन निघत होतं. सासूचा विषयही काढायची गरज नव्हती. सापडल्या एवढं म्हटलं की सारे तिला डोक्यावर घेणार होते. आणि परवा त्या बाईच्या हातात पुन्हा लाटणं येणार होतं, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मग ती गेल्यावर साधनाच्या हातात. नाही नेल्या तर ती जन्मभर या घरची, या गल्लीची, अकोल्यापर्यंतच्या साऱ्या नातेवाइकांची लक्ष्मी फेकणारी बाई राहणार होती. घरातल्या कोणत्याही लग्नात कुणीतरी ती गोष्ट काढणार होतं. हे सारं तिला दिसत होतं.

तिनं खण पुन्हा अंथरला, दोघींना होत्या तशा बसवल्या, तांदूळ सारखे केले. धाकटी थोडी वाकडी बसली होती, ती सरळ केली. मग हात जोडले आणि निघाली. वाटेत दोनदा तिच्या मनात आलं की परत फिरावं. ती फिरली नाही.

घरी समोरच्या खोलीत सारे बसले होते. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं. चौरंगावर दोन्ही कोथळे, बिनडोक्याचे, भरजरी साड्यांत उभे होते. त्यांच्याकडे पाहायचं सारे टाळत होते. सूर्यभानजी खुर्चीत, किशोर दिवाणावर, खुशालराव सल्ला द्यायला आलेले, आणि मधोमध शकुन. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

साधनाच्या हातातली पिशवी रिकामी लोंबत होती. "नाही सापडल्या," ती म्हणाली.

तिनं सासूकडे पाहिलं नाही. पण कौशल्याबाईंनी झटकन मान वर केलेली तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली.

"नाहीत? साऱ्या डेपोत नाहीत?" सूर्यभानजी उठून उभे राहिले.

"नाहीत, बाबा. गठ्ठ्यात गेल्या. म्याच देल्या. माह्यीच चूक हाय."

मग शकुनला कुणी आवरलं नाही. तिनं साधनाचं माहेर काढलं, शिक्षण काढलं, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं. खरोखरीच खिळ्यावरून काढलं आणि उपडं टाकलं. "घराची लक्ष्मी विकून हे कागद आनते! माय व माय, अशी कैदाशीन..." किशोर खाली मान घालून बसला होता, आणि त्यानं बायकोच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. साधना उभीच होती. तिला वाटलं होतं की आपल्याला हे सोसेल. पण सोसेना.

"शकुन, बस झालं. तिनं नाही देल्या."

आवाज मोठा नव्हता. कौशल्याबाई भिंतीला धरून उठत होत्या.

"तिले सापडल्या होत्या, तरी घेऊन नाही आली. म्या देल्या. मंगळवारी, माह्या हातानं, गाडीत."

 खुशालरावांचं तोंड उघडं ते उघडंच. शकुननं खांद्यावरून घसरत्या पदराकडेही पाहिलं नाही. सूर्यभानजींना ऐकलेलं समजलंच नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तू?" ते म्हणाले. "तू देल्या? कौशल्या, येड लागलं का तुले? काहून?"

 कौशल्याबाईंनी साऱ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"सासूनं माह्या हातावर ठेवल्या तवा मले कोनी इचारलं नोतं," त्या म्हणाल्या. "मोडाच्या नसतेत म्हने. नाही मोडल्या. साऱ्या मोहल्ल्याले जेवू घातलं. तुमी पंगतीत उभे राहून होऊ द्या, होऊ द्या म्हना, आन म्या आत होऊ देत होतो. मले एकदा त्या दिवशी, जेवाच्या वेळेवर, बसून जेवाचं होतं. एवढंच. तुमाले सांगतलं असतं त तुमी आयकलं असतं?" मग त्या साधनाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "तुह्यावर खपून जाइन असं वाटलं व मले. तू रोजच देतेस गाडीत. हे बरं नाही केलं म्या. पाप त हे झालं, देव देले ते नाही."

साधनाला रडू फुटलं. किशोर उठला, पण आईकडे जावं की बायकोकडे हे त्याला कळेना, म्हणून तो मध्येच उभा राहिला.

कौशल्याबाई स्वयंपाकघरात गेल्या. ताटाचा आवाज आला. पसरलेल्या गव्हातून चालत त्या बाहेर आल्या, तेव्हा हातात ताट होतं. सकाळची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा. चौरंगाच्या पुढं, जिथं महालक्ष्म्यांचं पान मांडत, तिथं त्यांनी पाट ओढला आणि त्या बसल्या. पुरुष उपाशी, पाहुणे उपाशी, आणि ही बाई समोरच्या खोलीत मांडी घालून बसली. या घरात असं कधी झालं नव्हतं.

सूर्यभानजी एकदा त्या बिनडोक्याच्या कोथळ्यांकडे पाहत होते, एकदा बायकोकडे. 

"मंग... आता लोकायले काय सांगू म्या?" त्यांनी विचारलं.

कौशल्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला.

"सांगा," त्या म्हणाल्या, "कौशल्या जेवून राह्यली."